विश्लेषण : दिवाळीचा नवा किल्ला ‘जुना’ कसा दिसतो? स्प्रेची बाटली, गेरू आणि राजगडाचा दगड

सहामाही परीक्षा संपली की अंगणात माती येते, विटा येतात, कुठून तरी गोणपाट मिळवले जाते आणि किल्ल्याला सुरुवात होते. पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत या हौसेला वेगळी धार असते. इथल्या मुलांना किल्ला पुस्तकात पाहावा लागत नाही. वेल्ह्यात घराबाहेर आले की समोर तोरणा उभा असतो. भोरच्या बाजूला रोहिडा आणि रायरेश्वर. दोन तालुक्यांच्या मधोमध राजगड. (वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. बोलण्यात अजून वेल्हेच आहे.) ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात राजगड असल्याने दिवाळीच्या किल्ल्यांतही त्याचा भाव वधारला आहे.

गेल्या काही वर्षांत किल्ल्याच्या रंगकामात मात्र मोठा फरक पडला आहे. पूर्वी तटबंदीवर गेरूचा हात फिरवला, वर चुन्याच्या रेघा मारल्या की काम झाले. आता मोबाइलवर व्हिडीओ पाहून मुले तटाला ‘जुना लुक’ देतात : ओघळ, शेवाळ, उडालेला गिलावा, गंजलेले खिळे. त्यासाठी लागते ती इस्त्रीवाल्याकडे किंवा सलूनमध्ये दिसते तशी साधी स्प्रेची बाटली. ही युक्ती नेमकी काय आहे, ती कशी जमते आणि पुष्कळदा ती फसते ती कुठे?

दगड जुना दिसतो म्हणजे काय होते?

आधी खरा दगड. भोर-वेल्ह्याचे सगळे गड दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये उभे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. गंमत अशी की ताजा फोडलेला बेसॉल्ट काळा नसतो, निळसर करडा असतो. हवा-पाण्यात राहिला की त्यातले लोखंड गंजते आणि दगडावर तपकिरी-तांबूस साल धरते. म्हणजे तटाचा तपकिरीपणा हा एका अर्थी गंजच.

पुढचे काम पावसाचे. तटावरून पाणी जिथून ओघळते तिथे सूक्ष्म शेवाळ वाढते आणि ते वाळले की काळे पट्टे उरतात. पायथ्याशी, जिथे ओल टिकते तिथे, पावसाळ्यात हिरवे मखमली शेवाळ येते आणि उन्हाळ्यात तेच पिवळट-तपकिरी होऊन चिकटून बसते. दगडांच्या सांध्यांतला चुना पाण्याबरोबर विरघळून बाहेर येतो, वाळतो आणि पांढरी लकेर सोडतो. दगडाच्या मोकळ्या, उन्हातल्या तोंडावर पांढुरके, राखाडी, हिरवट गोल डाग पडतात. ती असतात शैवाके. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे याच कुळातले. किल्ल्यावरच्या डागाचा आणि आमटीच्या वासाचा असा जवळचा संबंध आहे, हे मुलांना सांगून पाहा. पुढच्या वेळी ती तट नीट बघतात.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. यातला एकही डाग कुठेही, कसाही पडत नाही. पाणी कुठून आले, कुठे थांबले, कुठे वाळले यावर प्रत्येक डागाची जागा ठरते. मोसमी पाऊस या भागात पश्चिम-नैऋत्येकडून येतो. घाटमाथ्याकडे तो धो धो कोसळतो, पूर्वेला नसरापूरकडे उतरताना कमी होत जातो. त्यामुळे गडाची पावसाच्या तोंडावर असलेली बाजू आणि पाठीमागची बाजू सारखी म्हातारी होत नाही.

घरचा किल्ला खोटा दिसतो तो इथे. रंग वाईट असतो म्हणून नव्हे, तर डाग चारही बाजूंना सारखे मारलेले असतात म्हणून.

मग स्प्रेची बाटलीच का?

कारण ब्रश हाताचे ऐकतो आणि बाटली पाण्याचे. ब्रशने मारलेला ओघळ हा शेवटी मारलेलाच दिसतो. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, जाडी सारखी असते. बाटलीने तटाच्या वरच्या कडेवर पाणी सोडले तर ते स्वतःची वाट काढते. खाचेत थांबते, बाहेर आलेल्या दगडाला वळसा घालते, खाली जाऊन पातळ होते. रंग त्याच्या मागोमाग जातो. खऱ्या तटावर अनेक पावसाळ्यांनी जे केले तेच, फक्त पाच मिनिटांत.

बाटली तीन प्रकारे वापरता येते आणि तिन्हींचे काम वेगळे आहे. खटका पूर्ण आणि झटकन दाबला की बारीक धुके पडते. साधारण हातभर अंतरावरून ते मारले तर पृष्ठभाग नुसता ओलावतो, वाहत नाही. खटका अर्धवट, हळू दाबला की मोठे थेंब उडतात. त्यातून शैवाकासारखे ठिपके मिळतात. आणि अगदी जवळून, तटाच्या माथ्यावर दोन-तीन वेळा दाबले की ओघळ सुटतो. रंगाला हात घालण्याआधी दहा मिनिटे जुन्या पुठ्ठ्यावर नुसत्या पाण्याने हा सराव करावा. बहुतेक मुले तो टाळतात आणि मग पहिला बुरूज वाया जातो.

खरी किल्ली : खालचा रंग न विरघळणारा, वरचा विरघळणारा

व्हिडीओत ही गोष्ट क्वचितच नीट सांगितलेली असते, म्हणून जरा थांबू.

शाळेच्या पेटीतला पोस्टर रंग वाळला तरी पाणी लागले की पुन्हा सुटतो. त्याला धरून ठेवणारा डिंक पाण्यात विरघळतो. अॅक्रिलिक रंगाचे तसे नाही. तो वाळला की त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा तयार होतो आणि पाण्याला दाद देत नाही. घराच्या भिंतीचा उरलेला इमल्शन रंगही याच जातीचा. पृष्ठभाग झिजलेला दाखवण्याची सारी युक्ती या फरकात आहे. खाली इमल्शन किंवा अॅक्रिलिकचा थर, तो पूर्ण वाळल्यावर वर पोस्टर रंगाचा थर. मग बाटलीने पाणी मारायचे, मिनिटभर थांबायचे आणि ओल्या स्पंजने किंवा जुन्या टूथब्रशने हलके घासायचे. वरचा रंग जिथे सुटेल तिथे खालचा दिसू लागतो. बाहेर आलेल्या कडा आधी उघड्या पडतात, खाचांत रंग टिकून राहतो. खरी झीजही अशीच होते.

दोन्ही थर पोस्टर रंगाचे ठेवले तर? सगळाच चिखल होतो. दोन्ही अॅक्रिलिकचे ठेवले तर घासून घासून हात दुखतात आणि काहीच सुटत नाही. ‘व्हिडीओत झाले, आमचे का नाही झाले’ याचे उत्तर बहुधा या दोनांपैकी एक असते.

अॅक्रिलिक आणायचे नसेल तर घरचा उपाय आहे. गेरू किंवा पोस्टर रंगातच फेविकॉल कालवायचे. एक वाटी पातळ रंगाला मोठा चमचाभर. वाळल्यावर हा थर बराचसा टिकतो. अॅक्रिलिकइतका पक्का नाही, पण चार दिवसांच्या किल्ल्याला पुरेसा.

तट रंगवायचा कसा?

माती, कागदाचा लगदा की पुठ्ठा, तट कशाचाही असो, आधी तो पूर्ण वाळू द्यावा. ओल्या मातीवर दिलेला रंग दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखा निघतो. मातीत भाताचे तूस किंवा बारीक चिरलेले गवत मिसळले तर भेगा कमी पडतात. भोर-वेल्हे हा भातपट्टा, तुसाला तोटा नाही. थर्मोकोल मात्र विसरावे. सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसेही त्याचे दाणे रंगाखालून डोकावतातच.

तट ओलसर असतानाच खिळ्याने दगडांचे सांधे कोरून घ्यावेत. विटांसारख्या सारख्या ओळी नकोत. राजगडाचा तट पाहिला तर लहान-मोठे दगड एकमेकांत बसवलेले दिसतात. कुठे मोठा चिरा, कुठे फटीत ठोकलेली चीप.

वाळल्यावर एक भाग फेविकॉल आणि चार भाग पाणी असा हात द्यावा, म्हणजे माती रंग पिणार नाही. मग खालचा पक्का थर. इथे सरसकट काळा रंग वापरण्याची चूक होते. काळ्यात थोडा गेरू आणि पांढरा घालून तपकिरी-करडा रंग करावा. तो वाळला की दर पाच-सहा दगडांमागे एखादा दगड थोडा फिका, एखादा थोडा तांबूस करावा. हे काम कंटाळवाणे आहे. पण तट उठून दिसतो तो याच कामामुळे, बाटली नंतर येते.

आता बाटली. ओघळासाठी एक चमचा काळा-तपकिरी पोस्टर रंग दहा-बारा चमचे पाण्यात मिसळावा आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब टाकावेत. साबणाने पाण्याचा ताण कमी होतो. रंगाचे मणी न बनता तो खाचेत शिरतो. हे मिश्रण जुन्या सुती साडीच्या फडक्यातून गाळल्याशिवाय बाटलीत भरू नये. गेरू कितीही बारीक वाटला तरी खडे राहतात आणि बाटलीचे तोंड दहाव्या फवाऱ्याला बंद होते. दोन बाटल्या असतील तर उत्तम : एकीत रंग, एकीत नुसते पाणी.

आधी तट धुक्याने ओला करावा. मग तटाच्या माथ्यावर, जंग्यांच्या खाली, पाणी बाहेर पडायच्या तोंडाशी, म्हणजे जिथून खरोखर पाणी वाहील तिथेच, रंग सोडावा. लगेच वरून साधे पाणी मारावे. ओघळ खाली उतरतो. बाहेर आलेले दगड ओल्या स्पंजने टिपून घ्यावेत. वाळू द्यावे आणि पुन्हा करावे. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. जाड हात दिला की तट जुना न दिसता जळका दिसतो. ओला रंग नेहमी गडद भासतो, त्यामुळे घाई करणारा दर वेळी कमी काळा म्हणून आणखी काळा मारत जातो आणि सकाळी उठून बघतो तर कोळशाची वखार.

पावसाची दिशा एकदा ठरवून टाकावी. किल्ल्याची जी बाजू ‘पश्चिम’ असेल तिकडे तीन हात, तिच्या पाठीमागे एक. हिरवा रंग फक्त पायथ्याशी, टाक्यांच्या कडेला, सावलीच्या कोपऱ्यात. आणि दुकानातला पोपटी हिरवा तसाच नको; त्यात थोडा गेरू मिसळला की शेवाळाच्या जवळ जातो. सांध्यांतून पाझरलेल्या चुन्यासाठी पांढऱ्या पोस्टर रंगाचा अगदी पातळ थेंब सांध्यावर टेकवून खाली एकदाच फवारा.

शेवटी धूळ. चाळलेली कोरडी माती तटाच्या पायऱ्यांवर, खाचांत फुंकरीने बसवावी आणि वरून फेविकॉलचे अगदी पातळ पाणी, एकास दहा, लांबून धुक्यासारखे मारावे. माती जागेवर राहते. हे झाल्यावर बाटलीचे तोंड लगेच कोमट पाण्याने धुवावे, नाहीतर ती बाटली कायमची गेली.

दरवाजे, गंज आणि वाड्याची भिंत

लाकडी दरवाजासाठी मेणबत्ती कामाची. पुठ्ठ्याचा दरवाजा गडद तपकिरी करावा, वाळल्यावर कडांवर आणि जिथे हात लागतात तिथे मेणबत्ती घासावी, मग वरचा रंग द्यावा. मेणावर रंग धरत नाही. नखाने खरवडला की वर्षानुवर्षे हात लागून झिजल्यासारखे लाकूड उघडे पडते. हत्तीने धडक देऊ नये म्हणून लावलेल्या खिळ्यांना गेरू आणि कोळशाची पूड कालवून गंज चढवावा, आणि प्रत्येक खिळ्याखाली एक पाण्याचा फवारा. गंजाचा ओघळ खालीच जातो, हे कितीतरी जण विसरतात आणि खिळ्याभोवती गोल तांबडे कडे काढून ठेवतात.

किल्ल्याऐवजी वाडा करणारेही आहेत. भोरमध्ये पंतसचिवांचा राजवाडा अजून उभा असल्याने नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. वाड्याच्या भिंतीचे म्हातारपण तटापेक्षा वेगळे : तिथे दगड झिजत नाही, गिलावा सुटतो. खाली विटेचा तांबडा पक्का थर, त्यावर काही ठिकाणी ओल्या रंगावर जाड मिठाचे खडे, त्यावर पांढऱ्या पोस्टर रंगाचा हात. वाळल्यावर मीठ खरवडले की पोपडे उडतात आणि आतल्या विटा दिसतात. तडे हवे असतील तर फेविकॉलचा जाड थर अर्धवट सुकू द्यायचा आणि त्यावर रंग द्यायचा. फेविकॉल आणि रंग वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि रंगाला जाळीदार भेगा पडतात.

सिनेमाच्या सेटवर हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते आणि तिथे त्याला ‘एजिंग’ म्हणतात. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांच्या कर्जतच्या स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी उभारलेले प्लायवूड आणि प्लास्टरचे महाल पडद्यावर दगडी वाटले, त्यात बांधणाऱ्यांइतकाच रंगाऱ्यांचा वाटा. साधने मोठी असतात, पंपाचे फवारे असतात, तत्त्व अंगणातलेच.

पण किल्ला जुना दिसायलाच हवा का?

हा प्रश्न स्पर्धेच्या परीक्षकांनी विचारायला हवा आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

शिवाजी महाराज राजगडावर राहत होते तेव्हा राजगड जुना नव्हता. मुरुंबदेवाच्या डोंगरावर हा गड महाराजांनीच उभारला. सुमारे २५ वर्षे तो स्वराज्याची राजधानी होता. १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि १२ राहिले, त्या राहिलेल्यांत राजगड होता. त्या वर्षी राजगडाच्या तटाचे वय फार तर वीसेक वर्षांचे. सांध्यांत चुना भरलेला, चिऱ्यांच्या कडा धारदार, त्यांवर टाकीचे घाव ताजे. पावसाचे पट्टे असतील, पण ढासळलेला बुरूज आणि तटात उगवलेला उंबर नसणार. राजधानीच्या किल्ल्यावर कुणी झाड उगवू देत नाही.

आपण मात्र पडका, शेवाळलेला तट करतो आणि त्यावर भालाईत मावळे उभे करतो, बालेकिल्ल्यात सिंहासनावर महाराज बसवतो. शतके एकमेकांत मिसळतात. त्यात राजगडावर राज्याभिषेकाचा देखावा असेल तर आणखी गोंधळ. राज्याभिषेक १६७४ मध्ये रायगडावर झाला.

यावर सोपा मार्ग आहे. रंग आणण्यापूर्वी किल्ल्याचे साल ठरवायचे आणि ते पाटीवर लिहायचे. ‘राजगड, १६६५’ असे लिहिले तर बाटली कमी वापरायची : एक-दोन हलके ओघळ, बाकी दगड निळसर करडा, स्वच्छ. मावळे, घोडे, बाजारपेठ, सगळे चालेल. ‘राजगड, आज’ असे लिहिले तर हवे तेवढे शेवाळ चढवा, जोती उघडी दाखवा, पण मग मावळ्यांच्या जागी पाठीवर सॅक घेतलेले ट्रेकर हवेत. एखाद्याने १७०४ चा तोरणा करून दाखवावा, औरंगजेबाच्या सैन्याने तो लढून घेतला त्या वर्षीचा. तिथे तटाचे नुकसान वयाचे नसेल, तोफांचे असेल. ओघळ नाहीत, काळे भाजलेले खड्डे आणि ताजा फुटलेला निळसर दगड. एकाच बाटलीतून तीन वेगळे किल्ले निघतात. असा किल्ला केलेल्या मुलाला ‘हा डाग इथे का?’ असे विचारले तर त्याच्याकडे उत्तर असते, आणि चकचकीत तयार किल्ल्यापेक्षा ते जास्त मोलाचे वाटते.

गड पाहायला जाताना काय बघायचे?

भोर-वेल्ह्यातल्या मुलांना आणि पुण्याहून चेलाडी फाट्याने इकडे येणाऱ्यांनाही ही सोय आहे : रंग कालवण्याआधी एक फेरी खऱ्या गडावर. राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी यासाठी चांगली. बाहेरचा तट वारा-पाऊस अंगावर घेतो, आतल्याला आडोसा मिळतो. दोन्हींचा रंग शेजारी शेजारी ताडून पाहता येतो. पाली दरवाजाच्या कमानीखाली पहा, जिथे पाऊस पोचत नाही तिथे दगड वेगळाच दिसेल. रायरेश्वराच्या पठारावर वेगवेगळ्या रंगांच्या मातीचे थर आहेत, तिला सात रंगांची माती म्हणतात. आपल्या दगडातल्या लोखंडाच्या किती छटा होऊ शकतात, हे तिथे उघड्यावर दिसते. फोटो काढावा, माती पिशवीत भरू नये. प्रत्येकाने मूठभर नेली तर त्या पठाराचे काय होईल, हे सांगायला नको. गेरू दुकानात स्वस्त मिळतो.

फोनचा उपयोग आणखी एक. तटाचा फोटो कृष्णधवल करून पाहावा. रंग निघून गेले की गडद-फिक्याचा खेळ उरतो, आणि घरचा किल्ला खोटा वाटतो तो बहुतेक वेळा रंगामुळे नव्हे, याच खेळामुळे. आपल्या किल्ल्याचाही तसाच फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवावेत.

खऱ्या दगडाला रंग लावला तर?

गडावर जाणाऱ्यांना सगळ्यात आधी दिसतात ती नावे : ऑइल पेंटने, खडूने, चुन्याने लिहिलेली. कधी बाण, कधी बदाम. हौसेने रंग शिकलेल्या मुलांनी हा फरक नक्की समजून घ्यावा. बेसॉल्ट आणि त्याहून अधिक सांध्यांतला चुना ओल घेतो आणि सोडतो. तेलाचा रंग वरची छिद्रे बुजवतो. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि रंगाखालचा भाग सुटू लागतो. सांधे सिमेंटने बुजवले तरी तीच गत, म्हणूनच जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीत चुन्याचा आग्रह धरला जातो.

नाव पुसायला गेलेले हौशी हातही कमी नुकसान करत नाहीत. तारेच्या ब्रशने किंवा अॅसिडने घासले की रंगाबरोबर दगडाची तपकिरी सालही निघते आणि मागे फिकी जखम राहते. ज्या सालीची नक्कल करायला आपण चार दिवस बाटली दाबतो, ती धरायला दगडाला शतके लागलेली असतात. राजगड राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे. तिथे रंग लावणे हा गुन्हा आहेच, पण परवानगीशिवाय रंग काढणेही आपले काम नव्हे.

काळजी कोणती घ्यायची?

स्प्रेची बाटली आणि बाजारातला दाबाचा स्प्रे कॅन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनमधला वायू आणि रंगातले द्रावक पेट घेतात. किल्ल्यावर पणत्या लावलेल्या असताना, शेजारी फुलबाज्या चालू असताना कॅन हातात घेऊ नये. मुलांच्या हाती तर देऊच नये. पाणीवाल्या बाटलीत हा धोका नाही. तिच्यात चुना मात्र भरू नये. चुन्याचे तुषार डोळ्यांत गेले तर इजा गंभीर होऊ शकते. पांढऱ्यासाठी पोस्टर रंग पुरतो. कीटकनाशकाची किंवा फिनेलची रिकामी बाटली कितीही धुतली तरी वापरायची नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस घासताना नाकाला रुमाल.

आणि वेळेचा हिशेब. गवतासाठी अळीव, मोहरी किंवा नाचणी पेरायची तर उगवून यायला चार-पाच दिवस लागतात, म्हणजे वसुबारसेच्या आधीच पेरणी हवी. रंगकाम त्याच्याही आधी संपवायचे, कारण रंगाचा ओघळ बियांवर गेला की तेवढा पट्टा पिवळा पडतो. पेरणीनंतर तांब्याने पाणी घालू नये, माती वाहून बिया दरीत गोळा होतात. सकाळ-संध्याकाळ त्याच स्प्रेच्या बाटलीने, धुऊन घेतलेल्या, धुके मारायचे. पोस्टर रंगाचा तट असेल तर तेवढा वेळ त्याच्यापुढे पुठ्ठा धरावा. आणि ऐन लक्ष्मीपूजनाला परतीचा पाऊस आला, तर किल्ल्यावर आधी ताडपत्री टाका. एका सरीत तट जेवढा म्हातारा होतो तेवढा कुठल्याच बाटलीने होत नाही.